एक पै, एक काना

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात नोकरीच्या जाहिराती वर्तमानपत्रात कमी दिसतात. त्या व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरतात, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या असतात. मजकूर बहुधा ठरलेला. आडत दुकानाला किंवा जिनिंगला माणूस हवा असेल तर टॅली येणारा, जीएसटीचे रिटर्न भरता येणारा, अनुभवी. फ्लेक्सच्या दुकानाला हवा असेल तर कोरलड्रॉ, फोटोशॉप, श्रीलिपीत टायपिंग आणि लग्नसराईत रात्री थांबायची तयारी. शेवटी दोन्हीकडे एकच शब्द येऊन बसतो: प्रामाणिक.

टॅलीचा क्लास काही महिन्यांत होतो, कोरलड्रॉचाही होतो, आणि दोन्हींचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते. शेवटच्या शब्दाचा क्लास मात्र कुठे भरत नाही. मालकाला तो शब्द पगाराच्या बदल्यात हवा असतो आणि उमेदवार तो सॉफ्टवेअरच्या नावांशेजारी लिहून टाकतो. मग प्रश्न पडतो, की प्रामाणिकपणा हे कौशल्य आहे का? असेल तर ते शिकवता यायला हवे. नसेल तर पात्रतेच्या यादीत त्याचे काय काम? आणि मालकाच्या फायद्यासाठी मागितलेला सद्गुण सद्गुणच राहतो, की पोते, वजनकाटा, संगणक यांच्या ओळीतला आणखी एक जिन्नस होतो?

या प्रश्नावर फार पूर्वी, फार बारकाईने विचार झाला आहे, आणि तो विचार मानणाऱ्यांचे एक मोठे क्षेत्र जिंतूरपासून अवघ्या तीनेक किलोमीटरवर आहे. नेमगिरीच्या टेकडीत दिगंबर जैनांची गुहामंदिरे आहेत. दारे इतकी बुटकी, की धनवान असो वा हमाल, आत जाताना पाठ वाकवावीच लागते. आत नेमिनाथांची भव्य मूर्ती आहे आणि पार्श्वनाथांची ती प्रसिद्ध मूर्ती, जिचे सगळे ओझे एवढ्याशा दगडावर तोललेले दिसते. म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते, असेही परंपरा सांगते.

जैन श्रावक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात राहिले आणि त्यांच्या आचार्यांनी त्यांना व्यापार सोडायला सांगितले नाही. व्यापार करताना नेमके कुठे घसरायला होते, हे मात्र त्यांनी विलक्षण तपशिलाने लिहून ठेवले. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार दिले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरते मोडणे नव्हे, त्याला डाग लागणे. सत्याच्या व्रताला डाग लावणाऱ्या गोष्टींत ‘कूटलेखक्रिया’ येते, म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे. अचौर्याच्या व्रताखाली खोटी मापे-वजने येतात आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो, म्हणजे अस्सलासारखा दिसणारा नकली माल खपवणे. राज्याचे नियम डावलून व्यापार करणेही त्याच यादीत आहे. दीड हजार वर्षांहून जुनी ही यादी आजच्या ऑडिटरच्या टेबलावर ठेवली, तर त्याला ती ओळखीची वाटेल.

त्या यादीतला सर्वांत सूक्ष्म दोष ‘न्यासापहार’. शब्दाचा साधा अर्थ ठेव बुडवणे. तत्त्वार्थसूत्रावरची पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी ही टीका मात्र वेगळेच उदाहरण देते. एकाने ठेव ठेवली, किती ठेवली ते विसरला, आणि परत मागायला आला तेव्हा कमी आकडा बोलला. ठेव सांभाळणारा नुसता म्हणाला, हो, तेवढीच होती. संपले. कागदावर खाडाखोड नाही, तिजोरीला हात लावलेला नाही, मागितले तेवढे दिलेही आहे. तरी व्रताला डाग लागला.

आडतीच्या धंद्यात हा प्रसंग कोणत्याही दिवशी येऊ शकतो. शेतकऱ्याने सोयाबीन घातले, थोडी उचल घेतली, बाकी दुकानात ठेवली; दोन महिन्यांनी हिशेबपट्टी मागताना त्याच्या डोक्यात आकडा कमी आहे. गल्ल्यावरचा माणूस काय बोलतो? या घडीला टॅलीचे ज्ञान उपयोगाचे नाही. गंमत अशी, की याच मुनीमाने शेतकऱ्याचा आकडा दुरुस्त केला तर काही मालक मनातून नाराज होतील. जाहिरातीत ‘प्रामाणिक’ लिहिताना अनेकांच्या मनात ‘माझ्याशी प्रामाणिक’ एवढेच असते. उमास्वामींच्या यादीत अशी सवलत नाही.

दुसऱ्या दुकानाचे, म्हणजे फ्लेक्सवाल्याचे, प्रतिरूपक व्यवहाराशी नाते जास्त जवळचे. संगणकावर अक्षर जुळवणारा मुलगा दिवसभर प्रतिकृतीच बनवत असतो. अमक्या फलकासारखा फलक, तमक्या पत्रिकेसारखी पत्रिका. त्यातच कधीतरी कोणी जुन्या गुणपत्रिकेवरचा एक आकडा ‘जरा नीट करून’ मागते, कोणाला दाखल्यावरची तारीख बदलून हवी असते. काम पाच मिनिटांचे. कौशल्य तेच, माउस तोच, फॉन्टही तोच.

कौशल्य आणि नीती यांची फारकत किती दूर जाऊ शकते, याचा महाराष्ट्राला आलेला सर्वांत मोठा अनुभव मुद्रांकांचा. सीमाभागातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने बनावट मुद्रांक छापून देशभर विकले. त्याला २००१ मध्ये अटक झाली आणि शिक्षा भोगत असतानाच २०१७ मध्ये तो वारला. तो घोटाळा हिशेब आणि छपाई या दोन विद्यांच्या सांध्यावर उभा होता: हुबेहूब कागद, हुबेहूब शाई, आणि वितरणाचा नीटनेटका ताळेबंद. २००९ च्या जानेवारीत उघडकीला आलेल्या ‘सत्यम’ कंपनीच्या प्रकरणात ताळेबंदातली हजारो कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती, आणि ती आहे असे दाखवणारे बँकेचे कागदही बनावट होते. दोन्हीकडे माणसे अडाणी नव्हती. उलट फार हुशार होती.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या पन्नासाव्या श्लोकात योग आणि कर्मातले कौशल्य यांचा मेळ घातला आहे, आणि कारखान्यांच्या फाटकांपासून शाळांच्या भिंतींपर्यंत तो चरण रंगवलेला आढळतो. रंगवणाऱ्याला बहुधा एवढेच सांगायचे असते, की काम उत्तम करा, तोच योग. तसे असेल तर सराईत पाकीटमारालाही योगी म्हणावे लागेल. शंकराचार्यांनी ही वाट आधीच बंद केली आहे. त्यांच्या भाष्यात कौशल्य म्हणजे समत्वबुद्धी. यश-अपयशाने न हलणारे मन, ज्यामुळे बांधून टाकणारे कर्मही बांधत नाही. टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात याच जागी योग म्हणजे कर्म करण्याची विशेष युक्ती असा अर्थ लावला, पण ती युक्तीही हातचलाखी नव्हे, साम्यबुद्धीने केलेले काम. दोघांची वाटचाल वेगळी, तरी एका गोष्टीवर दोघे ठाम आहेत: कौशल्य हातात दिसते, असते मात्र हाताच्या मागे कुठेतरी.

कुठे? मराठवाड्याला याचे उत्तर एका गोष्टीच्या रूपाने माहीत आहे.

दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते आणि पैठणहून आलेला एकनाथ त्यांच्याकडे शिकायला राहिला होता. चरित्रे सांगतात, की गुरूंनी त्याला हिशेबाचे काम दिले. एके रात्री ताळा जुळेना. एका पैचा फरक. एकनाथ दिवा लावून पुन्हा पुन्हा वह्या तपासत बसला, आणि उत्तररात्री चूक सापडताच आनंदाने टाळ्या पिटून उठला. जनार्दनस्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद, मग संसाराची एवढी मोठी चूक सापडली तर केवढा होईल, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले आणि शिष्याचा मार्ग खुला झाला.

कीर्तनात या गोष्टीचा भर गुरूंच्या वाक्यावर असतो. हिशेबनिसाने मात्र त्याच्या आधीच्या रात्रीकडे बघावे. एक पै म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. कोणी विचारणार नव्हते. पदरची एक पै टाकून ताळा जुळवता आला असता, आणि अनेक भले मुनीम तसे करतही असतील. एकनाथाला तोटा भरून काढायचा नव्हता, चूक कुठे आहे ते बघायचे होते. पदरची पै टाकली असती तर बेरीज बरोबर आली असती आणि वही खोटी झाली असती. म्हणजे तीही कूटलेखक्रियाच, फक्त उदार माणसाची. गुरूंनी शिष्यातली जी योग्यता हेरली ती भक्तीची होती की हिशेबाची, हे वेगळे काढून सांगणे कठीण आहे.

पुढचा भाग लोक या गोष्टीला जोडत नाहीत, पण तो जोडायला हवा. हाच एकनाथ पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला बसला. जवळजवळ तीनशे वर्षे नकला होत होत पोथीत पाठभेद शिरले होते, लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, अपपाठ काढले, आणि शेवटी बजावले की यापुढे यात कोणी आपली ओवी मिसळू नये. ते स्वतः मोठे कवी होते. एखादी ओवी अपुरी वाटली तर सरस ओवी लिहिणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी लिहिली नाही. पदरची पै न टाकणारा माणूस पदरची ओवीही टाकत नाही.

आता चित्रकाराकडे, म्हणजे आजच्या भाषेत ग्राफिक डिझायनरकडे. त्याची एक पै कोणती? फ्लेक्सच्या दुकानात कोणालाही विचारा: काना, मात्रा, अनुस्वार आणि मुहूर्ताची वेळ. लग्नपत्रिकेत दुपारच्या साडेबाराचे साडेअकरा झाले तर नवरदेवाच्या आधी वऱ्हाड जेवून जाते. वाढदिवसाच्या फलकावर ‘चि.’ च्या जागी चुकून ‘कै.’ पडले तर जिवंत पोराला दुकानदाराने मारले म्हणून घरचे भांडायला येतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. बारा फुटी फलकावर नेत्यांचे चौदा फोटो बसवताना कोणाचा चेहरा किती मोठा, हे तर अलिखित पण कडक शास्त्रच आहे. या सगळ्यात रंगसंगती शेवटी येते.

रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. मोक्षाच्या ग्रंथात बोरू कसा तासावा, शाई कशी असावी, ओळ कशी सरळ चालावी हे यावे, याचे नवल वाटते. वाचत गेल्यावर वाटेनासे होते. समर्थ सांगतात की कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाचे राहत नाही. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत वळण एकच राहावे. कडेची मोकळी जागा, वाचनीयता, एकसारखेपणा: डिझाइनच्या शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच. रामदास त्याचे कारण मात्र सौंदर्यात शोधत नाहीत. ते न पाहिलेल्या वाचकाचा विचार करतात, पन्नास वर्षांनी पोथी उघडणाऱ्या, डोळे अधू झालेल्या माणसाचा. मोबाइलवर राखाडी रंगात मुंगीएवढी अक्षरे टाकणाऱ्यांनी हा समास एकदा नजरेखालून घालायला हरकत नाही.

हिशेब आणि अक्षर ही दोन खाती आपण वेगळी केली ती अलीकडे. जिंतूरहून जालन्याच्या दिशेने निघाले की चारठाणा लागते. तिथल्या जुन्या मंदिरांना आणि कोरीव स्तंभाला लोक हेमाडपंती म्हणतात. हा हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप होता. राज्याच्या दफ्तराचा आणि हिशेबाचा प्रमुख. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रत, दान, श्राद्ध यांवरचा अवाढव्य धर्मग्रंथ रचला. मोडी लिपीही त्याचीच, असे परंपरा मानते. अभ्यासकांना ते सगळे मान्य नाही, आणि दगडावर दगड रचून बांधण्याची ती शैली तर त्याच्या आधीपासूनची आहे. पण लोकांनी मंदिर, लिपी, हिशेब आणि धर्म ही चारही खाती एकाच माणसाच्या नावे मांडली. मोडीत आधी कागदभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरे त्या रेषेला टांगत जायची. ती लिपी घडली दफ्तराच्या घाईतून, आणि आज तिच्याकडे चित्र म्हणून पाहिले जाते.

असे फक्त आपल्याकडे झाले नाही. दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापून जगापुढे आणणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संन्यासी होता. वहीच्या आरंभी क्रुसाची खूण करावी, असे तो व्यापाऱ्यांना सांगतो. त्याच पाचोलीने १५०९ मध्ये प्रमाणबद्धतेवर पुस्तक काढले. त्यातली चित्रे लिओनार्दो दा विंचीची, आणि सोबत पट्टी-कंपासने रोमन अक्षरे कशी आखावीत याचे नमुने. त्यातले एक अक्षर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६ पर्यंत आपले बोधचिन्ह म्हणून वापरले. हिशेबशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या संन्याशाचे अक्षर लाखो पिशव्यांवर छापले गेले.

भारतातल्या सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सने, १९४९ मध्ये स्थापनेच्या वेळी बोधचिन्ह घेतले ते श्रीअरविंदांकडून. मध्ये गरुड आणि वर कठोपनिषदातले वचन. आशय असा की सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. उपनिषदात ते आत्म्याविषयी आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर दिवा लावून बसलेल्या पोराला ते तसेच्या तसे लागू पडते.

सरकारने मात्र जागे राहण्याचे काम यंत्राकडे सोपवले आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. कोणी कधी कोणता आकडा फिरवला, सगळे नोंदले जाते. चित्रगुप्ताची वही याहून वेगळी काय असेल? त्याच्या नावातच ‘चित्र’ आहे आणि ‘गुप्त’ही, ही दोन्ही धंद्यांना पुरणारी योजना. पण चित्रगुप्त फक्त जे केले ते लिहितो. शेतकरी कमी आकडा बोलला आणि मुनीम ‘हो’ म्हणाला, तर सॉफ्टवेअरला त्यात काही बदललेले दिसतच नाही. आणि जिंतूरच्या आडत दुकानांपैकी बहुतेक कंपन्या नसल्याने त्यांना हा नियम मुळात लागूच नाही.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या नोकऱ्यांविषयीच्या अहवालात हिशेबाचे कारकून आणि ग्राफिक डिझायनर हे दोघेही घटत जाणाऱ्या कामांत मोडतात. कृत्रिम बुद्धिमत्ता बीजकाची नोंद करते, आणि दोन ओळींच्या सांगण्यावरून चार फलक काढून देते. त्याच अहवालात मालकांना सर्वाधिक हवे असलेले कौशल्य म्हणून विश्लेषक विचार पहिला आहे. दहापैकी सात कंपन्यांनी तो अत्यावश्यक मानला. त्यापाठोपाठ लवचीकपणा आणि तग धरण्याची ताकद. प्रामाणिकपणाचा असा रकाना नाही, कारण तो मोजायचा कसा? तरीही यंत्राने आत्मविश्वासाने ठोकलेला चुकीचा आकडा, किंवा त्याने रंगवलेल्या फलकावरचे मोडके ‘क्ष’ आणि उलटी वेलांटी पकडायला कोणीतरी लागतेच. ते पकडण्यासाठी आधी ते खटकावे लागते. खटकण्याचा पगार किती, हे जिंतूरच काय, कुठल्याच बाजारात अजून ठरलेले नाही.

मालकाला प्रामाणिकपणा स्वार्थासाठी हवा असतो, यात वावगे काही नाही. एकनाथाची पैही शेवटी किल्ल्याच्या खजिन्याचीच होती. फरक एवढाच, की खजिन्याचा लाभ झाला म्हणून एकनाथाने टाळ्या पिटल्या नव्हत्या. मालक जे विकत घेऊ पाहतो ते त्या टाळीच्या शेजारी असते, टाळी नव्हे. आणि ती टाळी ज्याला वाजवता येते तो माणूस बहुधा कमी पगारातही तसाच काम करतो. म्हणूनच त्याचे शोषणही सोपे असते. ‘आमचा मुनीम देवमाणूस आहे’ असे कौतुक करणाऱ्या मालकाने त्या देवमाणसाचा पगार गेल्या वेळी कधी वाढवला, ही नोंदही हिशेबात धरायला हवी. सद्गुणाची किंमत करू नये हे खरे, पण त्या सबबीखाली ती बुडवली जाते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत अजूनही वह्या पुजल्या जातात. लाल कापडाची नवी कोरी वही, पहिल्या पानावर कुंकवाने श्री आणि स्वस्तिक, बाजूला शुभ, लाभ. ज्या घरात ज्याचे अक्षर चांगले त्याला ते लिहायला बसवतात. कुठे मुनीमजी, कुठे कॉलेजात जाणारी मुलगी. शेजारी संगणकाच्या कीबोर्डलाही हळद-कुंकू लागते, कारण हिशेब आता तिथेच असतो. पूजा झाली की वही कपाटात जाते. पुढच्या दिवाळीला उघडली तर पहिले पान तेवढे भरलेले असते, आणि त्याच्या मागची सगळी पाने कोरी.